पेरणीची वेळ : ज्वारी, नक्षत्रं आणि लातूर-नांदेडचं शिवार



आजचा विषय फलकावर वाचून एक-दोघांनी दारातच विचारलं की, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा पेरणीशी काय संबंध? संबंध आहे. आम्ही नोकरीची सगळी वर्षं वर्गात 'काळ' ही कल्पना शिकवली. वैशेषिकांनी काळ हे एक द्रव्य मानलं आणि जे जे काही घडतं त्या सगळ्याचं तो साधारण कारण आहे असं सांगितलं. विद्यार्थी हे लिहून घ्यायचे, परीक्षेत उतरवायचे आणि विसरायचे. पण काळ हा कारण कसा असतो हे दाखवायला शेतकऱ्याइतका चांगला दाखला दुसरा नाही. तीच जमीन, तेच बियाणं, तोच माणूस. पेरणी तीन आठवडे इकडची तिकडे झाली की खळ्यावर पडणारी रास निराळी असते.

आता विषय नीट आखून घेऊ. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, आपल्याकडे त्याला 'श्री अन्न' असं नाव मिळालं, नाचणीची बिस्किटं बाजारात आली. लातूर-नांदेडपुरतं बोलायचं तर भरडधान्य म्हणजे ज्वारी. बाजरी ही बीड आणि संभाजीनगरकडच्या हलक्या जमिनीची. आमच्याकडे भाकरी म्हटलं की ज्वारीचीच, आणि कडबा म्हटलं की तोही ज्वारीचाच. तेव्हा आज ज्वारीबद्दल बोलू. हवामान बदलतंय, मग ज्वारी कधी पेरावी, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. आमचं म्हणणं असं की हा प्रश्न नुसत्या तारखेचा नाही. तो तारखेचा कसा झाला, यालाच एक इतिहास आहे आणि तो साठ वर्षांपेक्षा फार जुना नाही.

शब्दांपासून सुरू करू. खरीप आणि रब्बी हे दोन्ही शब्द अरबी. खरीप म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. आता गंमत बघा. आपली खरिपाची पेरणी पावसाच्या तोंडाशी होते आणि नाव शरदाचं. रब्बीची पेरणी होते शरदात आणि नाव वसंताचं. कारण उघड आहे, ही नावं पेरणाऱ्यानं दिलेली नाहीत, वसूल करणाऱ्यानं दिली आहेत. पीक हाती कधी येतं आणि सारा कधी घेता येतो, त्याला महत्त्व होतं. आपला हा मुलुख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथला महसुली हिशेब फसली सालावर चाले. फसल म्हणजे पीक. ते साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू व्हायचं. सरकारचं वर्ष काढणीकडे तोंड करून बसलेलं.

शेतकऱ्याचं वर्ष मात्र पेरणीकडे तोंड करून बसलेलं होतं. ते नक्षत्रांवर चालायचं. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. रोहिणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हस्ताचा तो हत्तीचा पाऊस. प्रत्येक नक्षत्राला वाहन, बेडूक म्हणा, म्हैस म्हणा, गाढव म्हणा, आणि त्यावरून पावसाचा अंदाज. वाहनावर आमचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण नक्षत्रांची चौकट मात्र हसण्यासारखी नाही. पावसाळ्याचे चार महिने चौदा-चौदा दिवसांच्या खणांत मांडून ठेवायचे आणि कोणत्या खणात कोणतं काम, हे लिहिता न येणाऱ्या माणसालाही पाठ असायचं. ही सोय साधी नव्हे.

मात्र इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पुष्कळ जण म्हणतात, 'पूर्वी मृग म्हणजे मृग होता, आता हवामान बिघडलं आणि नक्षत्रं चुकायला लागली.' नक्षत्रं मोजली जातात ताऱ्यांवरून आणि ऋतू ठरतात सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्यावरून. या दोन मोजमापांत साधारण बहात्तर वर्षांत एक दिवसाचं अंतर पडतं. शिवाजी महाराजांच्या काळी मृग आजच्या हिशेबानं पाचेक दिवस अगोदर, म्हणजे २-३ जूनच्या सुमारास लागत असे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत पावसाच्या गर्भलक्षणांवर लिहिलं तेव्हा तर मृगाची सुरुवात मेच्या मध्यावर, साधारण आजच्यापेक्षा वीस दिवस आधी होत होती. म्हणजे दीड हजार वर्षांत मृग हा वळवाच्या दिवसांतून सरकत सरकत मोसमी पावसाच्या दारात आला. ज्यांना नक्षत्रात सनातन सत्य दिसतं त्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. नक्षत्र ही सूचना होती. हुकूम नव्हता.

हुकूम कोणाचा होता? वापशाचा. हा शब्द शहरातल्या श्रोत्यांसाठी थोडा उलगडतो. पाऊस पडला की लगेच पेरता येत नाही, काळ्या रानात तर नाहीच. चिखलात तिफण चालत नाही, बी कुजतं. पाणी खाली मुरलं, मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात राहिली, की वापसा आला म्हणायचं. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि खाली टाकला की फुटावा. हा वापसा मुरमाड रानात एका दिवसात येतो, मांजरा किंवा गोदावरीकाठच्या भारी रानात चार-पाच दिवस लागतात, आणि मधे पुन्हा सर आली तर मोजणी पहिल्यापासून. तेव्हा एकाच गावात, एकाच नक्षत्रात, दोन शेजाऱ्यांची पेरणी आठ दिवसांच्या अंतरानं होऊ शकते आणि दोघंही वेळेवर असू शकतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पाऊस असा मागेपुढे होत असताना ज्वारी तग धरून कशी राहिली? उत्तर बियाण्यात आहे.

जुनी गावरान खरीप ज्वारी ही दिवसाची लांबी ओळखणारी वनस्पती आहे. आपल्या लातूरला जूनमध्ये दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. फरक दोन-सव्वादोन तासांचाच, पण ज्वारीला तेवढा पुरतो. दिवस मोठा आहे तोवर ती नुसती वाढत राहते, पानं काढते, ताट उंच करते. दिवस लहान होत जाऊन रात्रीच्या बरोबरीला आला, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटाकडे, की ती पोटरीला येते आणि कणीस बाहेर पडतं. परिणाम असा की मृगात पेरली, आर्द्रात पेरली किंवा पाऊस लांबला म्हणून पुनर्वसूत पेरली, तरी निसवायची वेळ फारशी हलत नाही. उशिरा पेरलेलीचं ताट आखूड राहील, कणीस लहान येईल, तोटा आहेच. पण दाणा भरण्याची वेळ पाऊस ओसरल्यावरचीच. दाणा उघडीपीत पिकतो, पांढरा राहतो. पेरणीची तारीख माणसाच्या आणि पावसाच्या हातात होती, पिकण्याची तारीख बियाण्यानं स्वतःकडे ठेवली होती. ज्वारी आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी इकडे आली आणि शेतकऱ्यांच्या निवडीतून इथल्या दिवसाशी जुळत गेली.

विज्ञानाला ही गोष्ट कळली ती कधी? १९२० मध्ये. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनच्या सरकारी प्रयोगशेतावर गार्नर आणि अलार्ड या दोघांनी एक वाण पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं पेरत नेला, आणि आधीचे-नंतरचे सगळे वाफे सप्टेंबरात जवळजवळ एकदमच फुलावर आले. वनस्पती दिवसाची लांबी मोजते हे त्यावरून सिद्ध व्हायला सुरुवात झाली. त्या प्रयोगशेताच्या परिसरात पुढे पेंटागॉनची इमारत उभी राहिली, हे जाता जाता. आणि तो वाण कशाचा होता? सोयाबीनचा. लक्षात ठेवा, सोयाबीन पुन्हा येणार आहे.

१९६४ मध्ये आपल्याकडे सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. संकर करायला नर-वंध्य मादी ओळ लागते, ती टेक्सासमध्ये १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मायलो आणि काफिर या ज्वारीच्या जातींतून मिळवली होती. सीएसएच-१ ची आई ही त्या काफिर कुळातली, अमेरिकन. बुटकी, दिवसाच्या लांबीला फारशी न जुमानणारी, साधारण शंभर दिवसांत पिकणारी. उत्पन्न गावरानच्या दुप्पट-तिप्पट. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते, त्यांनी या ज्वारीच्या मागे सरकारची ताकद उभी केली. १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ झालं. त्याच साली दुष्काळ पडला आणि लोकांनी रेशनवर लाल मिलो खाल्ली. ती मिलो म्हणजे तीच अमेरिकन मायलो, ज्वारीचीच जात. जनावरांसाठी पिकवलेली. आमच्या पिढीतल्या माणसाला मिलो म्हटलं की अजून तोंड वाकडं करावंसं वाटतं.

या हायब्रीडला आज नावं ठेवणं सोपं आहे. गावात तिला 'हायब्रेट' म्हणायचे आणि पुढे अंगात दम नसलेल्या माणसालाही तोच शब्द लावायचे. आम्हाला ते पटत नाही. कंधार-मुखेडच्या हलक्या माळरानावर सप्टेंबरात पाऊस निघून गेला की गावरान ज्वारी पोटरीतच वाळायची. शंभर दिवसांत दाणा देणारं पीक त्या माणसासाठी वरदान होतं. तिनं पोटं भरली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

पण तिनं काढून काय घेतलं तेही बघा. तिनं बियाण्यातलं पंचांग काढून टाकलं. आता हिशेब करा. २० जूनला, म्हणजे मृगाच्या शेवटी पेरली. शंभर दिवस मोजले की २८ सप्टेंबर येतो. हस्त नक्षत्र लागतं २७ सप्टेंबरला! पिकलेला दाणा बरोबर हत्तीच्या पावसात सापडतो. कणसावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो, भाकरी कडवट होते आणि बाजारात भाव उतरतो. 'काळी ज्वारी' हा शब्द त्या वर्षांनी दिला.

मग पेरणी पुढे ढकलायची, असं कोणीही म्हणेल. तिथे खोडमाशी बसलेली आहे. ही माशी कोवळ्या रोपाच्या पानाखाली अंडी घालते, अळी मधल्या पोंग्यात शिरून वाढीचा शेंडा कापते आणि पोंगा वाळतो. रोप आठवड्याचं असल्यापासून महिन्याचं होईपर्यंत धोका. पाऊस सुरू झाल्यावर माशीची संख्या वाढत जाते, म्हणून पावसाच्या सुरुवातीला पेरलेली ज्वारी तिच्या तावडीतून निसटते आणि जुलैच्या मध्यानंतर पेरलेली सापडते. खरीप ज्वारी जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आत पेरा असं जे सांगतात, त्याचं मोठं कारण हे. लवकर पेरली तर बुरशी, उशिरा पेरली तर माशी. मधे राहतो दोन-अडीच आठवड्यांचा बोळ. गावरान ज्वारीलाही माशी होतीच, पण तिला फक्त या एकाच बाजूनं पळायचं होतं. हायब्रीडला दोन्ही बाजूंनी.

इथे अजून एक गोष्ट येते आणि ती आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. पेरणीची वेळ ही एकट्या माणसाची नसतेच. खोडमाशी बांध ओळखत नाही. गावातल्या अर्ध्या लोकांनी जूनमध्ये पेरलं आणि बाकीच्यांनी जुलैत, तर आधीच्यांच्या रानात वाढलेली माशी नंतरच्यांच्या रोपांवर जाते. पाखरांचंही तेच. साऱ्या शिवारात ज्वारी एकदम निसवली तर पाखरं वाटली जातात, प्रत्येकाचं थोडं जातं. एकट्याचीच ज्वारी दाण्यावर आली तर पंचक्रोशीतली पाखरं त्याच्याकडे जेवायला. माळा बांधून गोफण घेऊन बसायला आता घरात माणूस नाही. सावड, इर्जिक, एकमेकांची बैलं, चाड्यावर मूठ धरणाऱ्या बायकांची टोळी, हे सगळं असल्यामुळे गावाची पेरणी आठ-दहा दिवसांत उरकायची. ती नुसती परोपकाराची रीत नव्हती, ते पीकसंरक्षण होतं. ट्रॅक्टर आला, ज्याला भाड्याला परवडलं त्यानं आधी पेरलं. गावाची वेळ मोडली आणि माणसागणिक वेळ सुरू झाली.

१९९० नंतर सोयाबीन आलं. ते का आलं हे आता वेगळं सांगायला नको. जेएस-३३५ हा वाण १९९४ चा, जबलपूरचा. रोख पैसा, पाखरं दाणा खात नाहीत, मळणी यंत्र बांधावर येतं, आणि ऑक्टोबरात रान मोकळं होऊन हरभरा पेरता येतो. लातूरची बाजारपेठ सोयाबीनची झाली. खरीप ज्वारी नांदेडच्या काही भागात, किनवट-माहूरकडे वगैरे थोडीफार राहिली. पण एक प्रश्न आम्हाला नेहमी पडतो. हे सोयाबीन किती दिवसांचं? शंभरच्या आतबाहेर. म्हणजे २० जूनला पेरलं की सप्टेंबरच्या शेवटी शेंग वाळणार, पुन्हा हस्ताच्या तोंडी! हायब्रीड ज्वारीला ज्या पावसानं काळं केलं, त्याच पावसाच्या वाटेत आम्ही दुसरं पीक नेऊन उभं केलं. २०१९ चा ऑक्टोबर आठवा, २०२० चा ऑक्टोबर आठवा, २०२१ चा सप्टेंबर आठवा. शेंगांतून कोंब फुटलेले, गंजी पाण्यात तरंगलेल्या. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तर नांदेड-लातूरकडे उभी रानंच वाहून गेली. आणि ही तीच वनस्पती, जिच्यावर दिवस मोजण्याची क्षमता शोधली गेली! लवकर येणारे वाण निवडता निवडता तिच्याही बाबतीत पिकण्याचा दिवस आपण पावसात आणून ठेवला.

हवामानाकडे आता येतो. भारतीय हवामान विभागानं २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्यानं ठरवल्या. केरळात येण्याची तारीख १ जूनच राहिली. पण वायव्य भारतातून परतीला निघण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. मुंबईतून पाऊस जाण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली. याचा अर्थ आमच्या विषयापुरता असा, की पावसाचं येणं फार सरकलेलं नाही, त्याचं जाणं सरकलं आहे. चर्चा मात्र सगळी मृगाची होते. घोटाळा हस्तात आहे.

येण्याची तारीख सरासरीनं जागेवर असली तरी वर्षावर्षाला काय होतं तेही पाहिलं पाहिजे. २०२३ मध्ये मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आला, महाराष्ट्रभर पसरायला २५ जून उजाडला, आणि पुढचा ऑगस्ट देशभराच्या नोंदींत १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये उलट, २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत. रोहिणीतच पाऊस, नांगरट-वखरणी राहून गेली, आणि पेरावं की थांबावं हे कोणाला कळेना. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं सांगतं. सल्ला बरोबर आहे. पण तो शंभर मिलिमीटर एका रात्रीत पडला तर? तो वापसा नव्हे, तो पूर झाला.

आता रब्बी. इथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण ज्वारी आज जगते आहे ती मुख्यतः इथे, शाळूमध्ये. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला १९३० च्या दशकात मालदांडी ३५-१ निवडून काढली गेली. इतके नवे वाण आले, परभणी मोतीसारखे चांगले वाणही आले, तरी नव्वद वर्षांनंतर लोक बाजारात मालदांडीच मागतात. ही ज्वारी पावसावर नव्हे, मुरलेल्या ओलीवर येते. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला देता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. तेवढ्यावर पीक निघालं पाहिजे. पेरणीची शिफारस १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा आणि हस्त. त्याच्या आधी पेरली तर इथेही खोडमाशी. नंतर पेरली तर वरची ओल उडते, फुलोरा कडाक्याच्या थंडीत सापडून दाणा भरत नाही, आणि पुढे दाणा पोसायच्या वेळी ऊन चढतं.

लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या तुम्हाला माहीत आहे. मार्गशीर्षातली अमावस्या, सगळं गाव रानात, कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. ती पूजा उभ्या ज्वारीत होते. हस्तात पेरलेली मालदांडी सत्तर-पंचाहत्तर दिवसांनी, म्हणजे डिसेंबरच्या मध्यावर निसवायला लागते, तिथून पुढे हुरड्यापर्यंत हा सण कुठेतरी येतो. पिकाची वाढ आणि पंचांग यांची एवढी सरळ गाठ दुसऱ्या सणात आम्हाला तरी दिसलेली नाही. आता असं होतं की पाऊस १५ ऑक्टोबरपर्यंत हटत नाही. भारी रानात त्यानंतर आठवड्यानं वापसा. म्हणजे शाळूची वेळ गेली. शेतकरी काय करतो? हरभरा पेरतो, तो नोव्हेंबरात पेरला तरी चालतो. अनेक ठिकाणी वेळ अमावस्येची कोप आज हरभऱ्याच्या रानात उभी राहते आणि तिच्यासाठी कडबा विकत आणावा लागतो.

उष्णतेचाही एक ढोबळ हिशेब करून दाखवतो. ज्वारीची वाढ साधारण आठ अंशांच्या वरच्या उष्णतेनं मोजतात. सरासरी तापमान २५ अंश असेल तर रोजचे १७ अंश तिच्या खात्यात जमा होतात. ११० दिवसांत पिकणाऱ्या वाणाला १८७० अंश लागले. तापमान दोन अंशांनी वाढलं तर रोजचे १९ जमा होतील आणि तेवढीच बेरीज ९८ दिवसांत पुरी होईल. बारा दिवस कमी. लवकर पिकलं म्हणून आनंद मानू नका. पानांना अन्न तयार करायला बारा दिवस कमी मिळाले, दाणा तेवढा हलका. संगणकातल्या पीक-प्रतिकृती हाच हिशेब बारकाईनं करतात. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅटसारख्या संस्थांनी त्यावर मोठं काम केलं आहे. त्या प्रतिकृतीत पेरणी दहा दिवस अलीकडे घेतली किंवा पलीकडे नेली की उत्पन्न किती बदलतं ते दिसतं. काम मोलाचं आहे. फक्त एवढंच की संगणकात तारीख कळ दाबून सरकते. निलंग्याच्या रानात ती सरकायला वापसा लागतो, ट्रॅक्टरवाला मोकळा लागतो, बियाण्याची पिशवी दुकानात लागते, पीककर्ज बँकेतून हातात पडावं लागतं.

आमच्या विषयातला एकच दाखला देतो. सिद्धसेन दिवाकर या जैन तार्किकानं सन्मतितर्कात कारणांचा विचार केला आहे. काळ, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषाचा प्रयत्न अशी पाच कारणं लोक सांगतात. त्यांपैकी एकालाच धरून बसणं हा मिथ्यावाद, पाचही एकत्र घेणं हे सम्यक, असं त्याचं म्हणणं. ज्वारीला लावून बघा. काळ म्हणजे पेरणीची तारीख. स्वभाव म्हणजे बियाण्याचा गुण, दिवस मोजणारं की न मोजणारं. पूर्वकृत म्हणजे रानात गेल्या वर्षी काय केलं, ओल धरायला बांध घातले की नाही. प्रयत्न म्हणजे तिफण आणि माणूस. नियती म्हणजे काय, ते बंगालच्या उपसागराला विचारा. आपण साठ वर्षांत स्वभाव बदलला, शेजारपाजाऱ्याची सावड मोडली, आणि आता सगळा भार एकट्या काळावर टाकून विचारतो आहोत की नेमकी तारीख सांगा.

उपाय म्हणून गावरानकडे परत चला, असं आम्ही म्हणत नाही. ती जशीच्या तशी आणली तर ऑक्टोबरचा लांबलेला पाऊस तिच्या फुलोऱ्यावर पडेल. पण परभणीच्या आणि हैदराबादच्या शास्त्रज्ञांपुढे एक मागणी ठेवता येईल: खरिपासाठी असा वाण द्या, जो जूनमध्ये पेरला काय किंवा १० जुलैला पेरला काय, निसवेल हस्त सरल्यावरच, ताट मध्यम ठेवील आणि कडबा जनावराला खावासा वाटेल. लवकर येणाऱ्या वाणांची शर्यत पुष्कळ झाली.

एक चिठ्ठी आली आहे. 'सर, एवढं सगळं ऐकलं, पण यंदा माझ्या दोन एकरांत ज्वारी घ्यायची तर पेरू कधी?' गाव निलंगा तालुक्यातलं लिहिलं आहे. आम्ही कृषी अधिकारी नाही, पण जे माहीत आहे ते सांगतो. जमीन भारी असेल तर खरिपात ज्वारीच्या नादी लागू नका, शाळू घ्या. त्यासाठी सोयाबीनऐवजी उडीद किंवा मूग घेऊन रान ऑगस्टअखेर मोकळं करा, किंवा पडीक ठेवून ओल धरा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पहिला वापसा मिळेल त्या दिवशी पेरा, हत्ती येऊ दे मग बघू, असं म्हणत थांबू नका. आणि त्याआधी, अगदी या आठवड्यात, बांधाला लागून ज्यांची रानं आहेत त्या चौघा-पाच जणांकडे जाऊन विचारा की ते काय पेरणार आहेत. त्यांतले दोघं जरी शाळूला तयार झाले, तर पाखरं राखायला माणूस वाटून घेता येईल. कोणीच तयार नसेल तर हुरड्याचे चार गुंठे धरा आणि बाकी हरभरा टाका.